कुबट की खवट? खारपाण पट्ट्यातील एका घरगुती सीरमच्या बिघाडाचे प्रकरण

अकोला जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी वसलेल्या एका गावातील महिला बचत गटाने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चेहऱ्याला लावण्याचे पाणीदार सीरम तयार केले. बारा दिवसांच्या आत त्याच्या बहुतेक बाटल्या बिघडल्या. गटाच्या सचिव ताईंची मुलगी मी शिकवते त्या औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गात असल्यामुळे ही तक्रार माझ्यापर्यंत आली. निरोपात दोनच गोष्टी होत्या: सीरम "पाण्यावानी पातळ" झाले आहे आणि त्याला "वास येते". यापूर्वी डिसेंबरात आणि जानेवारीत केलेले सीरम चांगले राहिले होते, कृती तीच होती आणि हातही तेच होते. त्यामुळे या खेपेला बाजारातून आणलेली पावडरच बनावट निघाली असावी, असे गटातील सर्वांचे मत झाले होते. पावडरीचा काही दोष नव्हता. खरे कारण शोधायला मला दोन दिवस लागले, आणि ते सर्वांच्या डोळ्यांसमोरच होते. घरी असे काही करून पाहणाऱ्या इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच नोंदवते. हा गट सीरम विकत नव्हता. सभासदांनी आपल्यासाठी आणि लेकीसुनांसाठी ते केले होते. सौंदर्यप्रसाधन विक्रीसाठी तयार करायचे असेल तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम यांप्रमाणे उत्पादन परवाना घ्यावा लागतो. पुढे लिहिलेले काहीही त्या परवान्याची जागा घेत नाही.

कृती आणि तिचा इतिहास

डिसेंबरात झालेल्या एका प्रशिक्षणात गटाला ही कृती मिळाली होती. पाचशे ग्रॅमच्या घाण्यासाठी त्यात ताज्या कोरफडीचा गाळलेला गर ५० ग्रॅम, ग्लिसरीन २५ ग्रॅम, नियासिनामाइड (बी-३ जीवनसत्त्वाचे एक रूप) २० ग्रॅम, घट्टपणासाठी कार्बोमर २ ग्रॅम, टिकण्यासाठी सोडियम बेंझोएट २ ग्रॅम व पोटॅशियम सॉर्बेट १ ग्रॅम आणि उरलेले सर्व डिस्टिल्ड वॉटर, असे प्रमाण होते. कार्बोमर पाण्यात भिजल्यावर त्यात अल्कलीच्या द्रावणाचे ठरलेले थेंब टाकायचे, म्हणजे पातळ मिश्रणाची एकदम जेली होते, असे शिकवले होते. थेंब किती हे कागदावर लिहिलेले होते. ते टाकल्यावर सामू (म्हणजे pH, मिश्रण किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचा आकडा; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) किती यायला हवा, हे मात्र कुठेच लिहिलेले नव्हते. ही उणीव मला त्या कागदावरची सर्वांत मोठी उणीव वाटते, कारण पुढचा बराचसा बिघाड तिच्यामुळे लपून राहिला.

ताज्या कोरफडीबद्दलही मला तेव्हाच शंका आली. कोरफडीचा गर म्हणजे पाणी, साखरेच्या जातीचे पदार्थ, क्षार आणि पानावरून व सुरीवरून आलेले जंतू. असा गर सीरममध्ये घालणे म्हणजे जंतूंना घर आणि शिधा एकाच वेळी देणे होय. हिवाळ्यातील दोन घाणे लहान होते, फ्रीजमध्ये ठेवले होते आणि तीन आठवड्यांच्या आत जवळजवळ संपले, म्हणूनच ते निभावले असे माझे मत आहे.

बाटल्यांची पाहणी

एप्रिलच्या घाण्यातून तीस मिलिलिटरच्या सोळा बाटल्या भरल्या गेल्या होत्या. त्यातील तेरा परत मिळाल्या. त्या मी गटाच्या खोलीत ओटीवर एका ओळीत मांडल्या, प्रत्येकीवर क्रमांक लिहिला आणि ती कोणाच्या घरी, कुठे ठेवली होती याची नोंद केली. सचिव ताईंच्या फ्रीजमध्ये जानेवारीतील अर्धी बाटली सुदैवाने शिल्लक होती. ती या ओळीच्या टोकाला ठेवली. बिघडलेली वस्तू तपासताना न बिघडलेली वस्तू शेजारी असणे किती मोलाचे असते, हे ज्यांनी कधी आंबलेले लोणचे तपासले आहे त्यांना सांगायला नको.

आधी पोत पाहिला. जानेवारीची बाटली तिरकी केली की सीरम काचेवरून सावकाश, अखंड पदर धरून उतरत होते. एप्रिलच्या बाटल्यांमध्ये पातळ पाणी होते आणि त्यात बारीक, पारदर्शक, मऊ गोळ्या तरंगत होत्या. गटाच्या अध्यक्ष काकूंनी एक बाटली उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, "हे तं साबुदाना भिजल्यावानी दिसते." हे वर्णन इतके नेमके होते की मी वहीत तेच शब्द उतरवून घेतले. कार्बोमरची भुकटी जेव्हा वरच्या वर फुगते आणि आतून कोरडीच राहते तेव्हा नेमकी अशी गोळी होते. म्हणजे सीरम आधी घट्ट झाले आणि नंतर सुटले, असे घडले नव्हते. ते पहिल्या दिवसापासूनच नीट जमलेले नव्हते. विचारल्यावर दोघींनी सांगितले की भरतानाच ते पातळ होते, पण रात्रीतून घट्ट होईल असे वाटले.

त्यानंतर वास पाहिला. या बाबतीत मी थोडी जास्त काळजी घेतली, कारण "वास येतो" या दोन शब्दांवरून कोणतेही निदान करता येत नाही. आपल्या भाषेत बिघडलेल्या वासांना वेगवेगळी नावे आहेत आणि ती उगाच पडलेली नाहीत. दूध आंबते, तेल खवट होते, न वाळलेला कपडा कुबट होतो, भांडे ओशट राहते. प्रत्येक शब्दामागे वेगळी रासायनिक घटना असते. मी वहीच्या कागदाच्या अरुंद पट्ट्या कापल्या, प्रत्येक पट्टीवर एकेका बाटलीतील दोन थेंब टाकले आणि तीन जणींना वेगवेगळे बसवून, एकमेकींचे न ऐकता, प्रत्येक वासाला नाव द्यायला सांगितले.

तेरा बाटल्यांचे सरळ दोन गट पडले. सात बाटल्यांना तिघींनीही कुबट म्हटले, एकीचे शब्द होते, "ओल्या पोतेऱ्यावानी." उरलेल्या सहा बाटल्यांमध्ये कुबट वासाच्या वर दुसराच एक वास होता. एकीने त्याला खवट म्हटले, दुसरीने जुन्या जवसाच्या चटणीचे नाव घेतले आणि तिसरी म्हणाली, "दरवाज्याले लावते ना, त्या तेलावानी." या सहा बाटल्यांच्या तोंडाशी, आट्यांवर, पिवळसर चिकट कडे जमले होते. मी ते नखाने उचलले तर त्याची पातळ साल निघाली.

खवट आणि कुबट असे दोन वास, तेही ठरावीक बाटल्यांत, म्हणजे बिघाड दोन होते. एकच तक्रार म्हणून ते आले असल्यामुळे सर्वजणी एकच कारण शोधत होत्या, आणि शोध अडला होता तो तेथेच.

काय बदलले?

"या वेळी काय वेगळे केले?" असे विचारले की उत्तर बहुधा "काहीच नाही" असेच मिळते. येथेही तेच मिळाले. "मॅडम, आमी तं काईच बदललं नाई," असे तिघीचौघींनी एका आवाजात सांगितले, आणि त्या खोटे बोलत नव्हत्या. माणसाला जो बदल महत्त्वाचा वाटत नाही तो त्याच्या स्मरणात बदल म्हणून साठवलाच जात नाही. म्हणून मी प्रश्न बदलला. त्या दिवशी सकाळी खोलीचे कुलूप उघडल्यापासून शेवटच्या बाटलीचे झाकण लावेपर्यंत काय काय केले, ते क्रमाने सांगायला सांगितले. अध्यक्ष काकू सांगू लागल्या, बाकीच्या मध्येमध्ये भर घालू लागल्या आणि दहाव्या मिनिटाला पाण्याचा विषय निघाला.

प्रशिक्षणाच्या वेळी मिळालेला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन जानेवारीतच संपला होता. नळाचे पाणी आठवड्यातून एकदा येते आणि ते पिण्यासाठी राखावे लागते. म्हणून या खेपेला बोअरचे पाणी घेतले होते. ते तसेच वापरलेले नव्हते. वीस मिनिटे खळखळ उकळून, चौपदरी सुती कापडातून गाळून घेतले होते. इतकी काळजी घेतल्यावर पाणी शुद्ध झाले असे त्यांना वाटणे अगदी स्वाभाविक होते.

अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा वऱ्हाडात कोणाला ठाऊक नाही? जमिनीखालचे पाणी खारे असल्यामुळे येथील शेकडो गावांत विहीर असूनही ओलीत करता येत नाही, डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पण पिकाला आणि डाळीला न चालणारे पाणी सीरमलाही चालणार नाही, हा दुवा मनात जुळला नव्हता. मी त्या खोलीतील कूलरकडे बोट दाखवले. त्याच्या गवताच्या जाळीवर एका उन्हाळ्यात मीठ लावून वाळवल्यासारखा पांढरा थर चढला होता. तेच पाणी बाटलीत गेले होते. फरक एवढाच की बाटलीत ते वाळले नाही, म्हणून थर दिसला नाही.

उकळल्याने जंतू मरतात, पण मीठ कुठेही जात नाही. उलट वाफ होऊन पाणी कमी झाल्यामुळे विरघळलेले मीठ किंचित वाढते. आणखी एक गोष्ट घडते, आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते. अशा पाण्यात मिठाबरोबर सोड्याच्या जातीचे क्षारही असतात. ते पाणी उकळले की त्यातील कर्ब वायू निघून जातो आणि सामू वर चढतो. मी खिशातील मीटरने बोअरचे पाणी मोजले तेव्हा त्यात विरघळलेले क्षार लिटरला २,३०० मिलिग्रॅमच्या आसपास दिसले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दुसरा स्रोत नसताना चालवून घेण्याची कमाल मर्यादाही २,००० आहे. सामूच्या पट्टीवर न उकळलेले पाणी ८ च्या जवळ होते आणि उकळून निवलेले ९ च्या जवळ.

एका चिमटीचा प्रयोग

हे सर्व मी तोंडाने सांगितले असते तर सर्वांनी मान डोलावली असती आणि पुढच्या खेपेला कदाचित पाणी आणखी दहा मिनिटे जास्त उकळले असते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी डिस्टिल्ड वॉटर आणि काचेचे पेले घेऊन गेले. एका पेल्यात शंभर ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यावर कार्बोमर अगदी हळूहळू भुरभुरले, अर्धा तास भिजू दिले आणि अल्कलीचे थेंब टाकत ढवळले. सामू साडेपाचच्या पुढे जाताच चमचा जड होऊ लागला आणि पेला उलटा केला तरी जेली जागची हलली नाही. सर्वांनी ती बोटाने दाबून पाहिली. मग मी अध्यक्ष काकूंनाच घरातील साध्या मिठाची एक चिमूट त्यात टाकून ढवळायला सांगितले. चमच्याचे आठदहा फेरे झाले असतील, तोच जेली सुटू लागली आणि बघता बघता ताकासारखी ओघळायला लागली. खोलीत कोणी काही बोलले नाही. मग सचिव ताई म्हणाल्या, "म्हंजे पावडर चांगलीच होती."

याचे कारण समजायला कठीण नाही. कार्बोमर म्हणजे अतिशय लांब रेणूंच्या गुंडाळ्या असतात. अल्कली टाकल्यावर त्या रेणूंवर ठिकठिकाणी ऋण विद्युतभार तयार होतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे गुंडाळी उलगडून पसरते आणि तिच्या जाळ्यात पाणी अडकून राहते. मिठाचे धनभारित सोडियम मध्ये आले की ते या ऋण भारांना झाकून टाकते, एकमेकांना लोटणारे बळ संपते आणि रेणू पुन्हा आक्रसतात. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तर याहून कडक वागतात, कारण त्यांचा भार दुप्पट असतो. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट हेही क्षारच आहेत. म्हणजे मूळ कृतीतही जेलीवर थोडा ताण होताच, पण डिस्टिल्ड पाण्यात तो सोसला जात होता. बोअरच्या पाण्याने त्यावर कडी केली.

दुसऱ्या पेल्यात बोअरचे उकळलेले पाणी घेऊन त्यावर कार्बोमर टाकला, तेव्हा साबुदाण्याचेही कोडे उलगडले. डिस्टिल्ड पाण्यात ही भुकटी आधी निवांत ओली होते आणि अल्कली मिळाल्यावरच फुगते. येथे पाणीच अल्कधर्मी असल्यामुळे प्रत्येक कणाचे वरचे आवरण पाण्याला स्पर्श होताच फुगले आणि आतील कोरड्या भुकटीपर्यंत पाणी पोचेना. त्यावर कागदावर लिहिलेले सर्व थेंब टाकले तेव्हा सामू साडेआठपर्यंत गेला.

सामू आणि टिकाऊपणा

सामूच्या या आकड्याने कुबट वासाचाही उलगडा केला. जानेवारीच्या बाटलीचा सामू साडेपाच होता, तर एप्रिलच्या बाटल्यांचा सव्वासात ते साडेसात. ताज्या मिश्रणाचा साडेआठ आणि बारा दिवस जुन्या बाटलीचा त्याहून एक अंकाने कमी, याचा अर्थ दरम्यान त्यात कोणीतरी आम्ल तयार करत होते. जंतूंची वाढ करून पाहण्याची सोय माझ्यापाशी नव्हती. परंतु गढूळपणा, तळातून ढगासारखे उठणारे धागे, कुबट वास आणि उतरलेला सामू ही चारही लक्षणे एकाच दिशेला बोट दाखवत होती.

सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट हे पदार्थ जंतूंना रोखतात ते क्षाराच्या रूपात नाही. पाण्याच्या आंबटपणामुळे त्यांच्यापासून जे बेंझोइक आणि सॉर्बिक आम्ल मोकळे होते, तेच जंतूच्या आवरणातून आत शिरू शकते. सामू साडेपाच असताना बेंझोइकचा साधारण पाच टक्के आणि सॉर्बिकचा साधारण पंधरा टक्के भाग या कामाच्या रूपात असतो. सामू आठ झाला की दोन्हींचा हा भाग हजारात एकाहूनही कमी उरतो. म्हणजे गटाने दोन्ही भुकट्या मोजून, काही न चुकता घातल्या होत्या आणि तरीही बाटलीत टिकाऊ द्रव्य जवळजवळ नव्हतेच. त्यात ताज्या कोरफडीचा शिधा आणि पत्र्याच्या छपराखालची चाळीस अंशांपलीकडची उष्णता होती. वास बारा दिवसांनी जाणवला, पण बिघाडाची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी झाली असणार.

पोत आणि वास हे वरवर वेगळे दिसणारे दोन दोष एकाच पाण्यातून निघाले होते: मिठाने जेली मोडली आणि सोड्याने टिकाऊ द्रव्य निकामी केले. अशा वेळी लोक बहुधा पातळपणावर आणखी कार्बोमर आणि वासावर सुगंधी तेल हा उपाय करतात. गटातही तो विचार झाला होता. तसे झाले असते तर जंतू होते तेथेच राहिले असते आणि त्यांची खूण तेवढी पुसली गेली असती. मला या प्रकरणात सर्वांत जास्त भीती वाटली ती याचीच.

जवसाच्या सहा बाटल्या

खवट वासाचे कारण वेगळे निघाले आणि ते शोधायला वेळ लागला नाही. घाणा पातळ झाला तेव्हा त्यातील अर्ध्या भागात एका ताईंनी घरचे घाणीचे जवसाचे तेल बाटलीमागे पाच-सहा थेंब टाकले होते, सीरमला थोडी चकाकी आणि घट्टपणा यावा म्हणून. विदर्भात जवस घरोघरी असतो आणि त्याच्या तेलाविषयी मनात माया असते, हे मी जाणते. परंतु या तेलात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो, आणि हवेतील प्राणवायूला हे आम्ल फार लवकर बळी पडते. जवसाचे तेल लाकडाला लावले की वाळून त्याचा कडक पापुद्रा होतो, म्हणूनच ते पिढ्यानपिढ्या रंगात आणि रोगणात वापरले गेले. बाटलीच्या आट्यांवर जी पिवळी साल निघाली ती हाच पापुद्रा होता आणि दरवाज्याच्या तेलाची आठवण काढणाऱ्या ताई अक्षरशः बरोबर बोलल्या होत्या.

तेल पाण्यात मिसळण्यासाठी लागणारा कोणताही जोडपदार्थ कृतीत नव्हता. जेली मोडलेली असल्यामुळे तेलाला धरून ठेवणारे काही उरले नव्हते. ते पातळ थर होऊन वर आले, पारदर्शक बाटलीत खिडकीशी उजेड आणि ऊन खात राहिले आणि झाकण उघडेल तेव्हा त्याला ताजी हवा मिळत गेली. खवट तेल त्वचेला त्रासदायक ठरू शकते, म्हणून या सहा बाटल्यांचा वेगळा विचार करण्याचे कारण नव्हते. जवसाचे तेल जेवणात ताजे खावे, सीरममध्ये घालू नये, असे मी स्पष्ट सांगितले. चेहऱ्याला तेलच लावायचे असेल तर ते सीरममध्ये न मिसळता वेगळे, थोडे आणि ताजे घ्यावे. त्यासाठी तिळाचे तेल बरे, कारण त्यात खवटपणा लांबवणारे स्वतःचे घटक असतात.

घाणा फेकणे आणि नवा करणे

तेराही बाटल्या फेकून द्या, हे सांगणे मला जड गेले. नियासिनामाइड स्वस्त नसते आणि ते गटाच्या वर्गणीतून आणले होते. पुन्हा उकळून, गाळून किंवा लिंबू पिळून ते वाचवता येईल का, असे तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारले गेले. माझे उत्तर प्रत्येक वेळी नाही असेच होते. जंतू मारता आले तरी त्यांनी सोडलेले पदार्थ राहतात, आणि आता सामू खाली आणला तरी ज्या मिश्रणात वाढ होऊन गेली आहे ते चेहऱ्यासाठी विश्वासाचे राहत नाही. दोन मुलींच्या गालांवर जळजळ झाली होती. त्यांनी सीरम बंद करावे आणि लाली दोन-तीन दिवसांत उतरली नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे, असे सांगितले. दोघींनाही सीरम थांबवल्यावर आराम पडला.

नवी कृती ठरवताना मी गटाची परिस्थिती समोर ठेवली. कार्बोमर दिसायला सुंदर असतो, पण क्षाराला घाबरतो. त्याऐवजी झँथन गम घेतला, कारण तो मीठ आणि सामूचे चढउतार पुष्कळ सोसतो आणि त्याला अल्कली लागतच नाही, म्हणजे थेंबांचा प्रश्नच मिटला. टिकाऊ द्रव्यही बदलले. बेंझोएट आणि सॉर्बेट वाईट नाहीत, परंतु ती आंबट बाजूला जास्त विश्वासू असतात आणि नियासिनामाइडला सामू ५ ते ७ च्या दरम्यान बरा वाटतो. फार आंबट मिश्रणात त्याचे हळूहळू निकोटिनिक आम्ल होते आणि चेहरा लाल पडू शकतो. फिनॉक्सीइथेनॉल आणि इथाइलहेक्झिलग्लिसरीन यांचे तयार मिश्रण सामूवर अवलंबून राहत नाही, म्हणून ते एक टक्का घेतले. त्याहून जास्त घालायचे नाही, हे कृतीच्या कागदावर ठळक लिहायला लावले. कोरफडीचा गर पूर्ण काढला. त्याचे अध्यक्ष काकूंना वाईट वाटले, पण पान कापून ताजा गर तसाच लावून धुवून टाकायला कोणाची हरकत नाही, एवढे मी त्यांना पटवू शकले.

दोनशे ग्रॅमच्या घाण्यासाठी नियासिनामाइड ८ ग्रॅम, ग्लिसरीन १० ग्रॅम, झँथन गम ०.६ ग्रॅम, टिकाऊ द्रव्य २ ग्रॅम आणि डिस्टिल्ड वॉटर १७९ ग्रॅमच्या आसपास, असे माप ठरले. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घेतला आणि चमच्याने मोजणे बंद केले. झँथन गम थेट पाण्यात टाकला की त्याचेही गठ्ठे होतात, म्हणून तो आधी ग्लिसरीनमध्ये कालवायचा. ग्लिसरीनमध्ये तो फुगत नाही, फक्त सुटा होतो, आणि मग पाण्यात ओतून ढवळला की सारखा फुगतो. पिठले करताना बेसन आधी वेगळे कालवून घेतात, त्यातलाच हा प्रकार; हे सांगितल्यावर पुढचे काही समजावावे लागले नाही. शेवटी सायट्रिक आम्लाच्या पातळ द्रावणाने सामू साडेपाचवर आणून पट्टी वहीत चिकटवायची, असे ठरले. आता कागदावर थेंबांच्या जागी सामूची खूण आहे.

प्रत्येक घाण्यातून दोन बाटल्या साक्षीसाठी वेगळ्या ठेवायच्या, एक फ्रीजमध्ये आणि एक पत्र्याखालच्या फळीवर, हाही नियम केला. सीरम टिकते का हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत ते ४० ते ४५ अंशांवर काही आठवडे ठेवतात. वऱ्हाडातील मे महिन्यात ती परीक्षा फळीवरच होते.

पुढे काय झाले

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात केलेला घाणा सहा आठवडे पाहिला. फळीवरची साक्षीची बाटली शेवटपर्यंत स्वच्छ राहिली, सामू साडेपाचवरच होता आणि पोत बदलला नाही. तक्रार आली ती वेगळीच: सीरम भेंडीच्या चिकासारखे बुळबुळीत लागते आणि बोटाला तार येते. ही झँथन गमची जात आहे. पुढच्या घाण्यात तो ०.५ ग्रॅमवर आणला तेव्हा तार कमी झाली. थोडी राहिली, ती गटाने स्वीकारली. कार्बोमरचा तो मखमली स्पर्श याला नाही, हे मान्यच करावे लागेल.

पाचव्या आठवड्यात मात्र एका घरातील एकच बाटली कुबट झाली. बाकी सर्व चांगल्या असताना ही एकच का, म्हणून मी ती मागवून घेतली. सीरम तेच होते, पण बाटली खोकल्याच्या औषधाची जुनी होती. धुऊन, झाकण लावून, सीरम भरेपर्यंत दोन दिवस ठेवली होती. धुतली होती बोअरच्या पाण्याने आणि आतून ती वाळलेली नव्हती. आता बाटल्या नव्याच घेतात, शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरने मारतात आणि स्वच्छ कापडावर उपड्या घालून पूर्ण वाळेपर्यंत भरत नाहीत. खोलीच्या कोपऱ्यात डिस्टिल्ड वॉटरचा नवा कॅन आला आहे आणि सचिव ताईंच्या मुलीने त्यावर जाड अक्षरात लिहून ठेवले आहे: "सीरमचे पाणी. कूलरमध्ये टाकू नये."